आधी विचारा, मग आखा



काही वर्षांपूर्वी आमच्या घरी स्वयंपाकघराचं काम काढलं होतं. टाइल्सचा रंग कोणता, कपाटांना दारं कशी, चिमणी कुठे बसवायची यावर बाबा, काका आणि मिस्त्री यांची तीन रविवार चर्चा चालली. ओटा बांधून झाला, चकचकीत झाला. पहिल्या दिवशी आजी पोळ्या लाटायला उभी राहिली तेव्हा लक्षात आलं, ओटा तिच्यासाठी चार बोटं उंच झालाय. घरात सगळ्यात जास्त वेळ ओट्यापाशी कोण उभं असतं? आजी. आणि विचारायचं कोण राहिलं? तीच! आजही ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटते.

ओट्याची चूक पाटावर निभावते. पण हीच चूक गावाच्या बाबतीत झाली तर? पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावात रस्ता कुठून जाणार, तळं राहणार की बुजणार, शेतात भात पिकणार की खाली ड्रिलिंग होणार, हे ठरवताना तिथे राहणाऱ्यांना विचारायचंच राहून गेलं तर?

म्हणून आज आपण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे तंजावरच्या गावांत जाऊया. गावाच्या उद्यासाठी लोकांना विचारणं, न विचारणं आणि उशिरा विचारणं, या तिन्ही गोष्टी तिथे घडल्या आहेत.

तंजावर तसं आपलंच

मराठी माणसाला तंजावर परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, म्हणजेच एकोजी, यांनी सतराव्या शतकात तिथे भोसले घराण्याचं राज्य उभं केलं. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आणलं. तिथे मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आजही जपून ठेवले आहेत. राजराजा चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबंही तिथे आहेत.

पण सहलीला गेल्यावर आपण मंदिर पाहतो, बाहुल्या घेतो आणि परत येतो. शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर भातशेती लागते. कावेरी, वेण्णार आणि त्यांच्या अनेक फाट्यांवर ही शेती उभी आहे. फाट्यांमधून निघणाऱ्या छोट्या पाटांना तमिळमध्ये ‘वायक्काल’ म्हणतात आणि गावतळ्याला ‘कुळम’. एकट्या तंजावर जिल्ह्यात ५८९ ग्रामपंचायती आहेत.

या गावांचं वर्ष पाण्यावर चालतं. वर मेट्टूर धरण आहे, ते १९३४ मध्ये पूर्ण झालं. धरणात पुरेसा साठा असेल तर रिवाजाप्रमाणे १२ जूनला पाणी सोडतात. मग ‘कुरुवै’ हे कमी दिवसांचं भाताचं पीक घेतलं जातं आणि त्यामागून ‘सांबा’ हे लांब मुदतीचं मुख्य पीक. पाणी उशिरा आलं की सगळं गणित कोलमडतं. २०२४ मध्ये मेट्टूरचं पाणी जुलैच्या अखेरीस सुटलं. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या गावांना तर पाणी सुटल्यावरही वाट पाहावी लागते.

आता विचार करा. इथे वीस वर्षांचा आराखडा करायचा असेल तर कोणता वायक्काल दर वर्षी कुठे तुंबतो, कोणत्या मोरीखाली पाणी साचतं, कोणत्या विहिरीचं पाणी हल्ली मचूळ लागतं, हे कोणाला माहीत असणार? सॅटेलाइटच्या नकाशावर कालवा दिसतो. त्यात पाणी कोणत्या दिवशी पोहोचलं ते मात्र शेतावर उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

मडक्यातल्या चिठ्ठ्या

गावाने एकत्र बसून गावाचं ठरवायचं, ही तमिळ प्रदेशात फार जुनी गोष्ट आहे. त्रिभुज प्रदेशाच्या बाहेर, कांचीपुरम जिल्ह्यात उत्तिरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, साधारण इ.स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत. गावाच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची याचे नियम त्यात कोरले आहेत.

गावाचे तीस भाग करायचे. प्रत्येक भागातल्या पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि एका लहान मुलाला चिठ्ठी काढायला सांगायचं. तळ्याची देखरेख करणारी समिती वेगळी, बागांची वेगळी. ज्याने आधीच्या खेपेचा हिशोब दिला नाही, त्याचं नाव मडक्यात टाकायचंच नाही. आजच्या कितीतरी सोसायट्यांनी हा शेवटचा नियम नोटीस बोर्डावर लावायला हरकत नाही!

मात्र या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. मडक्यात नाव जायला वय ३५ ते ७० असावं लागे, स्वतःच्या जागेवर घर असावं लागे, पाव वेलीपेक्षा जास्त (म्हणजे दीड एकराहून थोडी अधिक) करपात्र जमीन असावी लागे आणि वेदविद्या यावी लागे. म्हणजे बायका नाहीत, मजूर नाहीत, भूमिहीन नाहीत. तळ्यातला गाळ काढणाऱ्या हातांना तळ्याच्या समितीत जागा नव्हती.

म्हणून गाव एकत्र बसलं असं ऐकलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा. गाव म्हणजे नेमकं कोण कोण बसलं होतं?

न विचारता आलेले पाहुणे

आता अलीकडच्या काळात येऊ. त्रिभुज प्रदेशात वर भात पिकतो आणि जमिनीखाली तेल, वायू आणि कोळसा आहे. ओएनजीसी इथे अनेक वर्षांपासून तेल आणि वायू काढते आहे.

२०१० मध्ये मन्नारगुडी भागात कोळशाच्या थरातला मिथेन काढण्यासाठी करार झाला. हा वायू काढायचा तर आधी कोळशाच्या थरातलं पाणी उपसावं लागतं. भाताच्या प्रदेशात जमिनीखालचं पाणी उपसलं तर विहिरींचं काय होईल? समुद्र जवळ आहे, खारं पाणी आत शिरेल का? हे प्रश्न गावकऱ्यांनी विचारले, पण तोवर कागदावर सह्या होऊन गेल्या होत्या. सेंद्रिय शेतीचा प्रसार करणारे कृषिशास्त्रज्ञ जी. नम्माळ्वार यांनी उतारवयात गावोगाव फिरून लोकांना हे समजावून सांगितलं. ३० डिसेंबर २०१३ ला याच भागात त्यांचं निधन झालं. राज्य सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१५ मध्ये या प्रकल्पाला नकार दिला.

त्यानंतर कतिरामंगलम. तंजावर जिल्ह्यातलं हे गाव. ३० जून २०१७ ला इथल्या शेतात ओएनजीसीच्या वाहिनीतून तेलाची गळती झाली. लोक रस्त्यावर उतरले, काहींना अटक झाली आणि आंदोलन बरेच दिवस चाललं. त्याच वर्षी शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या नेडुवासलमध्ये हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध शेतकरी, बायका आणि विद्यार्थी ठिय्या देऊन बसले होते.

इथे एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ऑक्टोबर २०१६ पासून २०१९ च्या डिसेंबरअखेरच्या मतदानापर्यंत तामिळनाडूतल्या गावांमध्ये निवडून आलेल्या पंचायतीच नव्हत्या. निवडणुका कोर्टात अडकल्या होत्या आणि कारभार विशेष अधिकारी बघत होते. म्हणजे गावावर सगळ्यात मोठा प्रश्न आला तेव्हा गावाच्या वतीने बोलायला निवडून दिलेलं माणूसच नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये तंजावरसह अनेक जिल्ह्यांतल्या पंचायतींची मुदत संपली आणि पुन्हा विशेष अधिकारी नेमले गेले.

पुढची घडामोड २०२० ची. पर्यावरणाच्या नियमांनुसार मोठ्या प्रकल्पांआधी जनसुनावणी घ्यावी लागते. त्यासाठी किमान ३० दिवस आधी, स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रातसुद्धा सूचना द्यावी लागते. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला आणि तेल व वायूच्या शोधासाठी केलेल्या खोदकामाला जनसुनावणीतून सूट दिली. लोकांना विचारण्याची जी एक ठरलेली जागा होती तीच गेली, म्हणून त्रिभुज प्रदेशात संताप उसळला. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, राज्याच्या विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिनम हे जिल्हे आणि कडलूर व पुदुक्कोट्टैचे काही तालुकाभाग त्यात आले. तेल-वायूचं नवं खोदकाम, तांबं-जस्त वितळवण्याचे कारखाने, चामड्याचे कारखाने यांना तिथे बंदी आली. आधीपासून चालू असलेले प्रकल्प मात्र तसेच राहिले.

एवढं होऊनही मार्च २०२३ च्या शेवटी कोळसा खाणींच्या लिलावाची यादी निघाली तेव्हा त्यात त्रिभुज प्रदेशातल्या तीन जागा होत्या. त्यातली एक होती तंजावर जिल्ह्यातली वडसेरी. गावकऱ्यांना कळलं ते बातम्यांमधून. गावं पेटली, मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, विधानसभेत चर्चा झाली आणि ८ एप्रिलला केंद्रीय कोळसा मंत्र्यांनी या तिन्ही जागा यादीतून वगळण्याचे आदेश दिल्याचं जाहीर केलं.

म्हणजे दहा-अकरा दिवसांत निर्णय फिरला. चांगलं झालं. पण जे दहा दिवसांत सर्वांना पटलं, ते यादी छापण्याआधी वडसेरीत जाऊन कुणी विचारलं असतं तर? एका दुपारचं काम होतं.

ठरावाची किंमत किती?

या सगळ्या वर्षांत त्रिभुज प्रदेशातल्या अनेक ग्रामसभांनी अशा प्रकल्पांविरुद्ध ठराव केले. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या सगळ्यांची सभा. पंचायतीचे सदस्य निवडून येतात. ग्रामसभेचं सदस्यत्व मात्र मतदाराला आपोआप मिळतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर अशा ठरावाने प्रत्येक वेळी काम थांबतंच असं नाही. आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रात आणि वनहक्कांच्या बाबतीत ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत. ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. तंजावरच्या भातशेतीच्या गावांना तशी कायद्याची ढाल नाही.

मग ठराव कशासाठी करायचा? तर नोंद राहावी म्हणून. रस्त्यावरच्या घोषणा संध्याकाळी विरून जातात. इतिवृत्ताच्या वहीत तारीख, हजेरी आणि सह्यांसकट लिहिलेलं वाक्य मात्र राहतं. ते पुढे कोर्टात दाखवता येतं, विधानसभेत मांडता येतं. ‘लोकांचा विरोध नव्हता’ असं मग कुणाला म्हणता येत नाही.

गावाचा आराखडा होतो कसा?

विरोध करायच्या वेळीच एकत्र यायचं, असं थोडंच आहे? ‘आम्हाला काय नको’ हे सांगायला जेवढी गर्दी होते तेवढी ‘आम्हाला काय हवं’ हे सांगायला होत नाही. खरं तर त्यासाठीसुद्धा ठरलेली सोय आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीने दर वर्षी विकास आराखडा करायचा असतो. २०१८ पासून २ ऑक्टोबरला ‘सबकी योजना, सबका विकास’ ही मोहीम देशभर सुरू होते. महाराष्ट्रात हेच काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने चालतं. शाळा, अंगणवाडी, पाणी, रस्ते यांची माहिती गोळा करायची, उणिवा शोधायच्या, बचतगटातल्या महिलांनी गरीब कुटुंबांच्या गरजांचा वेगळा आराखडा करायचा आणि हे सगळं ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर करायचं.

पैसे कुठून येतात? मोठा वाटा केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी नियम घातला की ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार वगैरेंसाठी नाही. हे माहीत नसेल तर सभेत कुणीतरी भलतीच मागणी करतं, ती फेटाळली जाते आणि ‘आमचं कुणी ऐकत नाही’ म्हणून माणूस घरी बसतो. म्हणून लोकांना विचारण्याआधी हातात किती पैसे आहेत आणि ते कशावर खर्च करता येतात, हे सांगणं हा विचारण्याचाच भाग आहे.

तामिळनाडूत ग्रामसभेच्या तारखा ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. २०२२ पासून त्यात २२ मार्चचा जलदिन आणि १ नोव्हेंबरचा स्थानिक स्वराज्य दिन यांची भर पडली. वर्षातून सहा वेळा, तारखा पाठ होतील अशा. चांगली सोय आहे.

पण सभेला येतं कोण?

आता कॅलेंडर आणि शेत शेजारी ठेवून पाहा. २६ जानेवारीला शाळा-ऑफिसला सुट्टी असते. शेताला नसते! त्या दिवसांत त्रिभुज प्रदेशात सांबा भाताची कापणी जोरात असते. २ ऑक्टोबरच्या आसपास लावणी आणि खुरपणीची कामं असतात, आणि ही कामं करतात कोण? बहुतेक बायका, त्यातही मजुरी करणाऱ्या. सकाळी अकराच्या सभेला यायचं तर त्यांचा दिवसाचा रोजगार बुडतो. मग सभेत कोण बसतं? ज्यांना त्या दिवशी वेळ आहे ते.

जागेचाही प्रश्न असतो. तमिळ गावात मुख्य वस्तीला ‘ऊर’ म्हणतात आणि दलितांची वस्ती, ‘चेरी’, बहुधा त्यापासून वेगळी असते. प्रत्येक सभा ऊरमधल्याच मंडपात भरली तर चेरीतल्या माणसाला तिथे मोकळेपणाने बोलता येईल का? या प्रदेशाला या बाबतीत जुनी जखम आहे. २५ डिसेंबर १९६८ ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीत वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतली ४४ माणसं एका झोपडीत जाळून मारली गेली. त्यात बायका आणि मुलं जास्त होती. आज परिस्थिती खूप बदलली आहे. तरी ‘सगळ्यांना बोलावलं होतं, तेच आले नाहीत’ असं म्हणण्याआधी त्यांना येणं सोपं होतं का, हे विचारायला हवं.

मडक्यातल्या चिठ्ठ्यांच्या काळात मजुराचं नाव मडक्यात जात नव्हतं. आज मतदारयादीत नाव आहे, हक्क आहे. राहिली आहे ती वेळ आणि जागा. कायदा बदलण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी सोपी आहे.

महाराष्ट्रात यावर एक चांगला उपाय कायद्यातच आहे. मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची. बायकांच्या सभेत पाण्याचं, दिवाबत्तीचं, दारूच्या दुकानाचं बोलणं निघतं, ते मोठ्या सभेत निघेलच असं नाही. मात्र ही सभा खरोखर भरली की वहीत नुसत्या सह्या झाल्या, हे आपण पाहायचं.

विचारावं कसं?

‘तुमच्या काही सूचना?’ असा प्रश्न माइकवर विचारला की शांतता पसरते. मग एखादे काका उठतात आणि वीस मिनिटं बोलतात. हे आपण सोसायटीच्या मीटिंगमध्येही पाहतो. यापेक्षा चांगल्या पद्धती आहेत आणि त्या खेड्यापाड्यांत वापरूनच तयार झाल्या आहेत.

पहिली पद्धत, जमिनीवरचा नकाशा. अंगणात रांगोळीने गाव काढायचं. तामिळनाडूत तर रोज पहाटे दारात कोलम काढतात, तिथल्या बायकांच्या हाताला हे नवं नाही. घरं, विहिरी, तळं, अंधाऱ्या जागा, पावसात बंद होणारा रस्ता, सगळं त्यावर दाखवायचं. जिला लिहिता येत नाही तीही खडा ठेवून सांगते, नळाला पाणी येत नाही ते इथे. आणि एकीने चुकीच्या जागी विहीर काढली तर दुसरी लगेच पुसून दुरुस्त करते.

दुसरी, शिवारफेरी. अधिकारी आणि गावकरी मिळून गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला उभं राहिल्यावर ‘पाणी पोहोचतं’ हे वाक्य कागदावर लिहिणं अवघड होतं.

तिसरी, वर्षाचं चक्र. कोणत्या महिन्यात काम असतं, कधी हातात पैसे नसतात, कधी आजार वाढतात, हे बारा महिन्यांच्या चित्रात भरायचं. सभा कधी घ्यावी याचं उत्तरही त्यातच मिळतं.

चौथी गोष्ट आपल्या गडचिरोलीची. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे छोटं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात. त्याआधी अभ्यासगट बसतो. विषय समजून घेतात, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारतात आणि मग सभेत ठरवतात. कळल्याशिवाय मत मागायचं नाही, हा किती साधा नियम आहे!

शहरवाल्यांनो, तुम्हीसुद्धा

‘आम्ही तर फ्लॅटमध्ये राहतो, आम्हाला याचं काय?’ असं वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. लोकांनी नकाशा उघडून आपापली गल्ली शोधली आणि चुकाच चुका सापडल्या. हरकतींचा पाऊस पडला, त्यांचा आकडा हजारोंच्या घरात गेला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करायला सांगितला आणि २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. तज्ज्ञांच्या नजरेतून जे सुटलं ते खिडकीत उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसांनी पकडलं.

महाराष्ट्रात कोणत्याही शहराचा विकास आराखडा मंजूर होण्याआधी हरकती आणि सूचनांसाठी मुदत देतात. सूचना वर्तमानपत्रात येते, आपण ती जाहिरात समजून पान उलटतो, आणि दहा वर्षांनी घरासमोरच्या मैदानावर बांधकाम सुरू झालं की विचारतो, हे कधी ठरलं?

या महिन्यात एवढं करून पाहा

* ई-ग्रामस्वराज हे सरकारी अॅप फोनवर उघडा. २४ एप्रिल २०२० ला ते सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका आणि आपल्या मूळ गावाची पंचायत निवडा. या वर्षीच्या आराखड्यात कोणती कामं आहेत ते वाचा.
* गावी फोन लावून आजी-आजोबांना, काका-काकूंना विचारा, यातलं काय खरंच झालंय? दहा मिनिटांच्या गप्पांत बरंच काही कळेल.
* पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्या. सुट्टीत गावी असाल तर जा. तुमचं नाव तिथल्या मतदारयादीत नसलं तर नुसतं ऐका, तेही खूप आहे.
* काही मागायचं असेल तर लेखी द्या. एक विषय, नेमकी जागा आणि कारण. पोच घ्या.
* सभा संपल्यावर इतिवृत्तात तुमचा मुद्दा लिहिलाय का ते पाहा. लिहिला नसेल तर तो मांडला गेला नाही असंच पुढे समजलं जाईल.
* मुलांना घेऊन एका रविवारी आपल्या गल्लीचा नकाशा काढा. त्यांना कुठे भीती वाटते, कुठे खेळायला आवडतं ते त्यावर दाखवायला सांगा. वीस वर्षांच्या आराखड्यात सगळ्यात जास्त काळ राहणार आहेत ती तीच!

आणि तुम्ही स्वतः पंचायतीत, नगरपालिकेत किंवा सोसायटीच्या कमिटीत असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. निर्णय होण्याआधी विचारा. लोकांना जमेल त्या वेळी आणि त्या जागी विचारा. आणि विचारलंत तर उत्तर द्या. एखादी सूचना घेता आली नाही तर ती का घेतली नाही, हे सांगा. नकार माणूस पचवतो. आपलं म्हणणं कुठे गेलं तेच कळलं नाही, तर पुढच्या सभेला तो येत नाही.

वडसेरीच्या शेतांत आजही भात उभा आहे. तो वाचला कारण लोक वेळेवर ओरडले. पण दर वेळी ओरडायला लागावं, ही काही चांगली व्यवस्था नव्हे. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याने कापणी करावी की निवेदनं घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावं?

जाता जाता आमच्या घरचं सांगते. यंदा मोरीत नवा नळ बसवायचा होता. बाबांनी प्लंबरला बोलावलं आणि काही बोलायच्या आधी हाक मारली, “आई, जरा इकडे ये. नळ किती उंचीवर हवा ते तूच सांग.” आजी आली, वाकून पाहिलं, बादली ठेवून पाहिली आणि भिंतीवर खडूने रेघ मारली.

नळ बरोबर त्या रेघेवर बसलाय. ओट्यापाशी पाट अजून आहे, पण मोरीत पाटाची गरज पडली नाही.

पुन्हा भेटूच पुढच्या महिन्यात!